कपाळावरच्या आठ्यांचं शास्त्र

सायन्स फिक्शन मालिकांचे तुम्ही अस्सल फॅन असाल, तर एक पथ्य कडक पाळा. 'निर्मात्यांकडे पैसे नव्हते' हे उत्तर कधीही मान्य करायचं नाही. ते खरं असेल तेव्हा तर मुळीच नाही.

'स्टार ट्रेक'च घ्या. १९६६ साली मालिका सुरू झाली तेव्हा दर भागात अख्खं यान ग्रहावर उतरवून दाखवणं परवडणारं नव्हतं. मग माणसं यानात चमचमत विरघळायची आणि थेट ग्रहावर उगवायची. भागलं! पण असली भागवाभागवी तुम्ही का खपवून घ्यावी? अणू-अणू सुटा करून माणूस पुन्हा जोडताना हायझेनबर्गच्या अनिश्चिततेच्या तत्त्वाचं (कणाची जागा आणि वेग एकाच वेळी अचूक कळत नाहीत) काय करता, असं खडसावून विचारा. पुढच्या मालिकेत त्यासाठी 'हायझेनबर्ग कॉम्पेन्सेटर' नावाचं यंत्रच बसवलं गेलं. ते चालतं कसं, असं विचारल्यावर मालिकेचे तांत्रिक सल्लागार मायकेल ओकुडा म्हणाले होते, छान चालतं, धन्यवाद. (माझ्या मते विज्ञानाचं इतकं प्रामाणिक स्पष्टीकरण दुसरं नाही.)

पण खरी कसोटी क्लिंगॉन लोकांची. साठच्या दशकात ही परग्रहावरची लढवय्यी जमात म्हणजे तोंडाला गडद रंग, जाड भुवया आणि दाढीमिशा. कपाळ मात्र तुमच्या-आमच्यासारखं गुळगुळीत. १९७९च्या चित्रपटात बघावं तर त्याच कपाळांवर हाडांचे उंचवटे! सामान्य प्रेक्षक म्हणाला, मेकअपला पैसे मिळालेले दिसतात. तुम्ही तसं म्हणू नका. हाडं आली कुठून, हा प्रश्न लावून धरा. लोकांनी धरला होता. १९९६ साली 'डीप स्पेस नाइन' या 'स्टार ट्रेक'च्याच नंतरच्या मालिकेतली मंडळी काळात मागे जाऊन त्या गुळगुळीत क्लिंगॉनांसमोर उभी राहिली, तेव्हा सगळ्यांच्या माना त्यांच्यातल्याच उंचवटेवाल्या क्लिंगॉनाकडे, वॉर्फकडे वळल्या. तो घुश्शातच म्हणाला, बाहेरच्यांशी आम्ही याची चर्चा करत नाही. विषय इथे संपायला हरकत नव्हती. पण फॅन ऐकतात होय? २००५ साली दोन भाग खर्ची घालून उलगडा झाला: जनुकांचा प्रयोग फसला, साथ पसरली आणि कपाळं सपाट झाली. मेकअपच्या पेटीतल्या प्रश्नासाठी एका अख्ख्या जमातीला आजारी पाडलं, यालाच निष्ठा म्हणतात.

'स्टार वॉर्स'मध्ये यानाच्या वेगाची बढाई मारताना पार्सेक हे अंतराचं माप वेळेसारखं वापरलंय, त्यालाही २०१८च्या चित्रपटात जवळच्या रस्त्याची सबब मिळाली: वेळ नव्हे, अंतरच वाचवलं होतं म्हणे. तेव्हा धीर सोडू नका.

आता शेजारी बसून पहिल्यांदाच मालिका बघणाऱ्याचा बंदोबस्त. तो विचारेल, हे परग्रहवासी इंग्रजी कसे बोलतात? रिमोट हातात घ्या, भाग थांबवा आणि भाषांतरयंत्राचा सगळा इतिहास ऐकवा. त्याला जांभई आली तरी थांबू नका. मग तो विचारेल, ते ठीक आहे, पण त्यांचे ओठ इंग्रजीप्रमाणेच कसे हलतात?

बाहेरच्यांशी आम्ही याची चर्चा करत नाही, असं सांगा आणि भाग पुढे सुरू करा.