राजीखुशीने

सकाळी भाकरी थापायला बसले आणि मोबाईल वाजला. भावकीच्या ग्रुपवर एका चुलतभावानं ढकललेला मेसेज: उत्तराखंडात समान नागरी कायदा आला, आता महाराष्ट्रातही आणा, 'त्यांच्या' चार-चार बायका बंद झाल्याच पाहिजेत. खाली अंगठेच अंगठे. माझी तव्यावरची भाकर करपली. कारण हा चुलतभाऊ कोण, तर आमच्या काकांच्या दुसऱ्या बायकोचा लेक. पहिली घरात धडधाकट असताना केलेल्या दुसऱ्या बायकोचा.

तो हे वाचेल. वाचू दे.

१९८७ साल, मानवतजवळचं आमचं गाव, मी चौथीत. मोठ्या मायला, म्हणजे काकांच्या पहिल्या बायकोला, दोन्ही लेकी. वंशाला दिवा पाहिजे म्हणून बैठक बसली आणि बाँड लिहून आणला. तिला वाचता येत नव्हतं. कागद माझ्या हातात दिला, घरात धडाधडा वाचणारं लेकरू मी एकटीच. 'मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, पतीला दुसरे लग्न करण्यास संमती देते.' मी विचारलं, राजीखुशी म्हणजे काय? ती म्हणाली, "म्होरलं वाच." मग अंगठा घेतला. राखेनं घासला तरी दोन दिवस तो निळाच होता. त्याच हातानं तिनं नव्या नवरीसाठी पुरण वाटलं.

त्या कागदाची किंमत शून्य होती हो! १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यापासून पहिली असताना दुसरी करता येत नाही, बायकोनं शंभर अंगठे दिले तरी. सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पूर्वी दंड संहितेचं कलम ४९४, आता भारतीय न्याय संहितेत ८२. सांगा, तुमच्या गावातले किती जण आत गेले? तक्रार करायची बायकोनं, नाहीतर तिच्या वतीनं माहेरच्यांनी. मोठ्या मायचा सख्खा भाऊ त्या बाँडवर साक्षीदार आहे. चहा पिऊन सही केली त्यानं.

आणि गेलीच असती कोर्टात, तर दुसरं लग्न विधीनं लागलं हे सिद्ध करायचं ओझंही तिच्याच बाजूवर. १९६५ साली आपल्याच राज्यातल्या भाऊराव लोखंडेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं त्याला सोडलं, कारण होम आणि सप्तपदी झाल्याचं शाबीत झालं नाही. आमच्या काकांनी तर देवळात हार घालून उरकलं होतं. म्हणजे लग्न जितकं चोरटं, तितका नवरा मोकळा. वा रे न्याय!

मुसलमानांना कायद्यानं चारची मुभा आहे, ती जायलाच पाहिजे, त्यासाठी मुस्लिम बायाच सुप्रीम कोर्टात गेल्यात. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नवऱ्याला आणखी बायको आहे म्हणणाऱ्या हिंदू बाया १.३ टक्के आणि मुस्लिम १.९. एवढ्या फरकावर एवढी छाती फुगवायची? आपल्याकडं तर कायदा येऊन सत्तर वर्षं झाली की.

हे लिहिता लिहिता भावावरचा राग जरा उतरला. त्याचा काय दोष? कायदाही अशा लेकरांना औरस धरतो. धाकट्या मायचा तरी काय दोष? एकोणीस वर्षांची पोर, हुंडा नको म्हटल्यावर बापानं देऊन टाकली. काका वारले तेव्हा तलाठ्यानं वारस म्हणून मोठी माय, दोन्ही लेकी आणि लेक अशी नावं लिहिली. धाकटी दाराआड उभी होती. जन्मभर त्या रानात खुरपलं, पण कायद्याच्या लेखी ती त्या घरची कुणीच नाही. फेरफार झाल्यावर तिनंच सगळ्यांना चहा केला.

लोक म्हणतात, बघा, दोघी बहिणींसारख्या राहतात. मोठीला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला परभणीला धाकटीच घेऊन गेली, हे कबूल. पण चुली अजून दोन आहेत, तेही येऊन बघा.

आणि मी? कागद तर मीच वाचला होता, खणखणीत आवाजात. वाचून झाल्यावर काकांनी मला चार आणे दिले होते. मी त्याच्या गोळ्या खाल्ल्या.

मघाशी ग्रुप परत उघडला. सतरा अंगठे झालेत. त्यातला एक मोठ्या मायच्या थोरल्या लेकीचा आहे.