“मशीन घाण असणार” या रिव्ह्यूला आमचं उत्तर, डायलिसिस सेंटर, फोंडा

नमस्कार भाऊ, रिव्ह्यू वाचला. डायलिसिस चालू असतानाच वडिलांना हुडहुडी भरून ताप आला, मशीन घाण असणार, वर अँटिबायोटिक द्यायचं सोडून आम्ही रक्त काढत बसलो आणि बांबोळीला, मोठ्या सरकारी हॉस्पिटलात, पाठवून मोकळे झालो, असं तुम्ही लिहिलंय. त्यांची फाइल इथे चव्हाट्यावर मांडणार नाही, तुम्ही स्वतः लिहिलंय तेवढ्यावरच बोलतो.

मशीनचं म्हणाल तर रक्त मशीनच्या आत जातच नाही, ट्युबिंग आणि डायलायझर (रक्त गाळणारा फिल्टर) यांतून फिरून परत येतं, ते दोन्ही आमच्याकडे दरवेळी नवीन. डायलिसिसला वापरतात त्या आरओच्या, म्हणजे गाळून शुद्ध केलेल्या, पाण्यात गडबड असती तर बहुतेक वेळा त्याच शिफ्टला आजूबाजूच्या दोघातिघांनाही थंडी वाजते. डायलिसिससाठी मानेतल्या शिरेत नळी घातलेली असली की पहिला संशय नळीवरच, कारण ती सरळ हृदयाजवळ उघडते आणि स्टॅफिलोकॉकस हा जंतू तर आपल्या कातडीवर, नाकात मुक्कामालाच असतो. म्हणून नळी जोडताना पेशंटलाही मास्क, नळीचं तोंड घासून पुसून मगच उघडायचं, आणि नातेवाईक बाहेर. त्याचाही तुम्हाला राग आलाय, पण तो नियम राहणार. इन्फेक्शन इथे लागलंच नसेल अशी शपथ मी घेणार नाही, घरीही लागू शकतं, गणेश चवथीच्या गडबडीत डोक्यावरून आंघोळ केली, पट्टी भिजली, तशीच राहिली, एवढंही पुरतं.

रक्त काढलं ते कल्चरला, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला. अँटिबायोटिक आधी गेलं की कल्चरमध्ये जंतू उगवेलच असं नाही, मग कुठलं औषध लागू पडेल ते अंदाजाने ठरवायचं. आणि हा जंतू हृदयाच्या झडपेवर नाहीतर मणक्यात जाऊन बसतो हो, गोळ्या देऊन घरी पाठवण्यातला ताप नव्हे हा! इको (हृदयाची सोनोग्राफी), नळी काढणं-बदलणं आमच्या सेंटरात होत नाही, म्हणून बांबोळी.

आता फिस्टुलाचं बघा, म्हणजे नळीऐवजी ऑपरेशन करून हातातली शीर धमनीला जोडायची, मग तिथूनच डायलिसिस. चवथ होऊ दे, मग दिवाळी होऊ दे, असं करत नळीवरच वर्ष काढणारे आमच्याकडे कमी नाहीत. ऑपरेशन झालं तरी शीर तयार व्हायला दीड-दोन महिने सहज जातात, तोवर नळी राहतेच, म्हणून ताप उतरला की डॉक्टरांकडून तारीख घ्या, आणि ज्या हाताला करायचाय त्या हाताला सुई टोचू देऊ नका, मग लॅबवाला कितीही घाईत असो.

कल्चरच्या रिपोर्टची कॉपी हवी तर सकाळची शिफ्ट संपल्यावर या, सिस्टर देतील. स्टार काय, एकच राहू दे.