टेलनेट बंदच का ठेवलं आहे

नमस्कार. तुम्ही दोन तारे देऊन लिहिलंत की स्विचवर (ऑफिसचे संगणक एकमेकांना जोडणारी नेटवर्कची पेटी) टेलनेट, म्हणजे दुरून लॉगिन करायची जुनी पद्धत, चालत नाही, सगळ्यांना पाठ असलेला जुना पासवर्ड गेला, घरून थेट लॉगिन होत नाही आणि लखोट्यात दिलेला पासवर्डही स्विच नाकारतो.

टेलनेटमध्ये पासवर्ड तारेतून जसाच्या तसा जातो. वाटेत कुणी पॅकेट (डेटाचे तुकडे) पकडले तर तो अक्षर न् अक्षर वाचू शकतो. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात असेच पासवर्ड चोरले गेले, आणि तिथल्याच तातू युलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिलं; त्यात लॉगिन दुरूनच होतं, पण सगळं कूटबद्ध होऊन जातं. तुमच्याकडचे स्विच सिस्को कंपनीचे आहेत. २०१७ मध्ये सिस्कोनेच जाहीर केलं होतं की टेलनेट चालू असेल तर त्यांच्या तीनशेहून जास्त स्विच मॉडेल्सवर पासवर्डाशिवायही ताबा मिळवता येतो. पुढे दुरुस्ती आली, तरी टेलनेट बंद ठेवा हा सल्ला मला आजही पटतो. म्हणून व्हीटीवाय लाइनवर, म्हणजे स्विचमध्ये दुरून लॉगिन करायच्या वाटेवर, फक्त एसएसएच ठेवलं आहे.

एकच पासवर्ड सगळ्यांकडे असला की नोकरी सोडणारा तो सोबत घेऊन जातो. शिवाय रात्री कुणी व्हीलॅन (स्विचवरची नेटवर्कची विभागणी) बदलला, तर लॉगमध्ये नुसतं ‘अॅडमिन’ दिसतं. धरायचं कुणाला? आता प्रत्येकाचं खातं रेडियस सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांचं लॉगिन एका ठिकाणी तपासणाऱ्या सर्व्हरवर, आहे. माणूस गेला की त्याचं तेवढं खातं बंद करायचं, बाकी कुणाला त्रास नाही.

लखोट्यातल्या पासवर्डाबद्दल मात्र नीट सांगायला हवं, कारण इथे पुष्कळांची गफलत होते. त्या पासवर्डाचं खातं स्विचवरच साठवलेलं आहे, आणि रेडियसकडून उत्तरच आलं नाही तर स्विच त्याच्याकडे वळतो. सर्व्हर चालू असताना ते नाव टाकलंत, तर सर्व्हर ‘असा माणूस माझ्याकडे नाही’ म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. नकार हेही उत्तरच आहे. तो पासवर्ड बरोबरच आहे. सर्व्हर बंद पडेल त्या दिवशी चालेल. लखोटा जपून ठेवा.

घरून काम करायचं असेल तर आधी ऑफिसच्या व्हीपीएनला, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायच्या सुरक्षित वाटेला, जोडा, मग एसएसएच करा. स्विचचं लॉगिन थेट इंटरनेटवर उघडं ठेवायला मी तयार नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

व्हीपीएन ज्यांना लागणार आहे त्यांची नावं कळवा. आमचा माणूस येऊन जोडून देईल आणि तुमच्या लोकांकडून एकदा करवूनही घेईल. त्याचे पैसे लागणार नाहीत.