दोष पिस्तुलाचाच

माझा नेम वाईट नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणाचा गैरसमज होऊ शकतो. एअर पिस्तुलाच्या नेमबाजीत दहा मीटरवरच्या टार्गेटच्या मधोमध साडेअकरा मिलिमीटर व्यासाचं एक वर्तुळ असतं, त्याला ‘दहा’ म्हणतात; बाहेरच्या वर्तुळांना नऊ, आठ असे उतरते गुण. माझा छर्रा दर वेळी त्याच्या आसपासच जातो. आता ‘आसपास’ या शब्दाची व्याप्ती किती धरायची, हा ज्याच्या त्याच्या मनाच्या मोठेपणाचा प्रश्न आहे.

शिकायला लागलो तेव्हा हातात क्लबचं पिस्तूल होतं. त्याच्या लाकडी मुठीत माझ्याआधीच्या तीसेक जणांचा घाम मुरलेला. बाजूचा दांडा उघडायचा आणि जोर लावून मिटवायचा, की एका छर्र्यापुरती हवा भरली जायची. एकाच. मॅच साठ छर्र्यांची आणि त्याआधी अंदाज घेण्याचे छर्रे वेगळे, म्हणजे सत्तर-ऐंशी वेळा दांडा मारायचा आणि वर हात स्थिर ठेवायचा. चार लागला की मी पिस्तुलाकडे बघायचो. तीन लागला की पिस्तुलाकडे बघून मान हलवायचो, म्हणजे मागे उभ्या असलेल्यांना नीट दिसावं. एकदा छर्रा शेजारच्याच्या टार्गेटवर गेला (आणि तिथे नऊ लागला, हे कुणी लक्षात घेत नाही), तेव्हा मात्र मी सरांकडे गेलो.

“सर, याची नळी वाकडी आहे.”

सरांनी पिस्तूल घेतलं, डावा हात खिशात घातला, उजवा उचलला. दहा.

“झाली सरळ,” असं म्हणून त्यांनी ते मला परत दिलं.

सरांच्या हाताला त्या वाकडेपणाची सवय असणार, हे उघड होतं. त्या दिवशी मी ठरवलं, आपलं स्वतःचं, भरवशाचं मॅच पिस्तूल घ्यायचं.

घरी विषय काढला तर पहिला अडथळा तुर्कस्तानातून आला. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मिश्र सांघिक प्रकारात रौप्य मिळवणारा युसुफ डिकेच बायकोने पाहिला होता. “तो तर खिशात हात घालून साध्या टी-शर्टवर उभा होता. तुम्हाला बरं सगळं लागतं!” अगं, खिशात हात सगळेच घालतात, मोकळा हात लोंबकळला की खांदा हलतो म्हणून, आणि त्याच्या दुसऱ्या हातात काय होतं ते बघ ना, असं मी म्हणालो. त्यावर ती म्हणाली, मग आधी खिशातल्या हाताचा सराव करा, तो फुकट आहे.

दुसरा अडथळा म्हणजे सल्ला. ‘कुठलं पिस्तूल घेऊ?’ असं नेमबाजाला विचारू नये. तो स्वतःचंच सांगतो, आणि त्याने निवड केली तेव्हा दाखवलेल्या शहाणपणाची कहाणी सोबत देतो. कंपन्या अनेक. स्टायरवाल्याला स्टायरपलीकडे जग नाही. पार्दिनीवाला मोरिनीवाल्याकडे दयेने बघतो, मोरिनीवाला वॉल्थरवाल्याकडे. फाइनवेर्कबाऊ हे कंपनीचं नाव तर मी आरशासमोर उभं राहून म्हणून पाहिला. पहिल्या दिवशी जेमतेम चार लागला, आठवड्याने आठपर्यंत गेलो. एक काका मात्र या वादात पडत नसत. त्यांच्याकडे त्याच कंपनीचं ६५ नावाचं जुनं स्प्रिंगचं पिस्तूल होतं. हे मॉडेल १९६५चं. झाडलं की वरचा सगळा भाग रुळावरून मागे सरकतो आणि धक्का हाताला लागतच नाही. काकांचे छर्रे अजून दहात पडतात. “सिलेंडर नाही, बॅटरी नाही, कटकट नाही,” एवढंच बोलून ते पुढचा छर्रा भरत.

काकांचं ऐकायला हवं होतं. पण मला सिलेंडरवालंच हवं होतं. त्यात दोनशे बार दाबाने हवा भरलेली असते, दर छर्र्याला दांडा मारावा लागत नाही. एका गृहस्थांकडून सेकंडहँड पिस्तूल चार दिवस वापरून बघायला आणलं. रात्री काटा दोनशेवर, सकाळी शून्यावर. दुसऱ्या रात्री ते उशाशी घेऊन झोपलो, तेव्हा बारीक सूं ऐकू आलं. आपण निजल्यावर कुणीतरी आपल्याविषयी हळू आवाजात बोलत असावं, तसं. ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, गेली होती. ती चिल्लर वस्तू, बदलता येते. पण सिलेंडरवर कोरलेली तारीख वाचली आणि पिस्तूल त्याच दिवशी परत केलं. हवेच्या सिलेंडरला वय असतं, आणि अनेक कंपन्या दहा वर्षांनंतर तो वापरू नका म्हणतात. म्हणून जुनं घेताना नळीत डोळा घालून जाणकारासारखं हुंकारण्याआधी (मी तेच केलं होतं) सिलेंडरवरची तारीख वाचावी.

मग ट्रिगर. मला वाटायचं, जितका हलका तितका बरा. नियम म्हणतो किमान पाचशे ग्रॅम. नळी आकाशाकडे धरून ट्रिगरला पाचशे ग्रॅमचं वजन टांगतात. ते पेलताना सुटला तर पिस्तूल बाद. चांगल्या ट्रिगरला दोन टप्पे असतात. पहिला मऊ सरकतो, मग एक भिंत लागते, आणि त्या भिंतीशी थांबून नेम नीट झाला की हलकेच पलीकडे जायचं. मी त्या भिंतीशी कधी थांबलो नाही. मला ती पार केल्यावर कळायची.

त्यात पुन्हा यांत्रिक की इलेक्ट्रॉनिक? मोरिनीचं १६२ दोन्ही प्रकारांत मिळतं. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर लोण्यासारखा, पण मला बॅटरीवर चालणाऱ्या कुठल्याही वस्तूची भीती वाटते. ती नेमकी आपल्या वेळीच संपते. बिघाड तर कुणाच्याही पिस्तुलाला चुकत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये पात्रता फेरी चालू असताना मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं, दुरुस्तीत अमूल्य मिनिटं गेली, आणि ५७५ गुणांवर ती बारावी आली. हे मी सरांना फार उत्साहाने सांगितलं. “बघा, पिस्तुलाचाही दोष असू शकतो!”

“असू शकतो,” सर म्हणाले. “तिचे तरी ५७५ झाले. तुमचे गेल्या रविवारी किती?”

आकडा सांगण्यासारखा नव्हता. सरांनी मग एकच व्यवहारी गोष्ट सांगितली, आणि ती मला अजून पटते. या वर्गातलं कुठलंही पिस्तूल शिकंज्यात आवळून झाडलं तर छर्रे दहाच्या आतच पडतात. तेव्हा नावावर भांडू नका. सुटे भाग कुठे मिळतील आणि बिघडलं तर कोण उघडू शकेल, एवढं विचारा. उरलेलं सगळं मुठीत आहे.

मुठीत! माझे पुढचे दोन महिने त्या मुठीत गेले.

कागदावर पंजा ठेवून पेन्सिलीने त्याची बाह्यरेषा काढली आणि त्यावरून नव्या पिस्तुलाच्या मुठीचं माप ठरवलं: मीडियम. पिस्तूल आलं तेव्हा पंजा मीडियम होता पण अंगठा लार्ज निघाला. मग कानस आणली. नियमाने मूठ मनगटाला आधार देता कामा नये, बाकी आत काय हवं ते कोरा. मी अंगठ्यापाशी कोरलं, तर करंगळी सैल झाली. करंगळीपाशी लाकडाची पुट्टी भरली, तर तळव्याला टोचू लागली. तळव्यापाशी घासलं. महिन्याभरात मूठ स्मॉल झाली आणि नंतरच्या पुट्टीने पुन्हा लार्ज. घरभर लाकडाचा भुसा. डोळे मिटून हात उचलायचा, मग उघडायचे, आणि पुढची साइट (नळीच्या टोकाची नेमाची खूण) आपोआप मागच्या खाचेच्या मधोमध दिसली तर मूठ आपली झाली, अशी सरांची परीक्षा. मी डोळे उघडले की पुढची साइट डाव्या कोपऱ्यातून अर्धी डोकावायची, रांगेत घुसू पाहणाऱ्या माणसासारखी. आणि दोन्ही साइटमधलं अंतर जेमतेम ३३ सेंटिमीटर असतं. तिथे एका मिलिमीटरची चूक दहा मीटरवर तीन सेंटिमीटर होते, म्हणजे दहाच्या जागी सात. माझ्या सगळ्या सातांचा खुलासा मला तिथे मिळाला. तिनांचा अजून शोधतो आहे.

मधल्या काळात खांदा तयार करायला मी एक लिटर पाण्याची भरलेली बाटली हात लांब करून धरून उभा राहायचो, कारण पिस्तुलाचं वजनही साधारण तेवढंच. बायको दोन-तीनदा जवळून गेली. शेवटी म्हणाली, “तहान लागली असेल तर प्या ना. अशी किती वेळ बघत राहणार?”

खरी गडबड पिस्तुलाच्या खोक्यात होती, आणि ती मला उशिरा कळली. कंपनी सोबत एक छोटा कागद देते. कारखान्यात पिस्तूल पक्कं बांधून त्यावर छर्रे झाडलेले असतात. माझ्या कागदावर पाच छर्रे होते आणि भोक एक. तेही छर्र्यापेक्षा किंचितच मोठं. त्या भोकाकडे बघताना मला जाणवलं, की एवढी शोधाशोध करून मी माझ्याविरुद्धचा पुरावा विकत आणला आहे. वाकडी नळी गेली, गळणारी हवा गेली, दुसऱ्यांच्या घामाची मूठ गेली. आता खोलीत फक्त मी आणि ते भोक.

पहिल्या दिवशी दहा छर्रे मारले. बेरीज अडुसष्ट. सरांनी कागद उलटसुलट पाहिला. मी घाईने म्हणालो, छर्रे ४.४९ मिलिमीटरच्या डोक्याचे आहेत, ४.५०चे घेऊन बघतो. सर म्हणाले, घ्या. ज्या आवाजात म्हणाले तो आवाज मला आवडला नाही.

घरी आल्यावर दोन्ही कागद टेबलावर शेजारी-शेजारी पडले होते. बायकोने आळीपाळीने दोन्ही उचलून उजेडात धरले.

“हा कुणाचा?”

“कंपनीचा. पाच छर्रे मारलेत.”

“आणि हा तुमचा? किती?”

“दहा.”

तिने भोकं मोजली. मग माझ्याकडे अशा कौतुकाने पाहिलं, की तसं तिने बरेच दिवसांत पाहिलं नव्हतं.

“त्यांनी पाच मारले आणि एकच लागला,” ती म्हणाली. “तुमचे दहाच्या दहा लागले की हो!”

ते दोन्ही कागद आता बैठकीत भिंतीवर आहेत. पाहुणे विचारतात तेव्हा समजावून सांगायचं काम तीच करते. मी मध्ये बोलत नाही.