झोप नव्हे, लक्ष

संमोहनावरच्या तुमच्या लेखात 'संमोहन म्हणजे गाढ झोप' असं म्हटलंय, ते पटलं नाही. संमोहित माणसाचा ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) झोपलेल्याचा नसतो, जाग्या माणसासारखाच असतो. बदलतं ते लक्ष. १९९७ मध्ये संशोधक पिएर रेनव्हिल आणि सहकाऱ्यांनी संमोहित लोकांचा हात कढत पाण्यात ठेवून मेंदूचं स्कॅनिंग केलं. 'त्रास कमी वाटेल' अशी सूचना दिल्यावर वेदनेच्या नकोशेपणाशी जोडलेल्या भागातली हालचाल बदलली, संवेदना टिपणारा भाग मात्र जवळपास तसाच राहिला. म्हणजे कळ पोचते, तिचा जाच कमी होतो!

लेखात जेम्स एस्डेल यांचा उल्लेखही हवा होता. हा स्कॉटिश डॉक्टर १८४५ साली आपल्याकडेच, बंगालमधल्या हुगळीत, रुग्णांना संमोहनासारख्या अवस्थेत नेऊन शस्त्रक्रिया करू लागला. पहिला रुग्ण एक कैदी. (त्याची संमती किती खरी होती, हा प्रश्न उरतोच.) पुढे, रुग्णाला त्या अवस्थेत नेण्यासाठी तासन्‌तास हातवारे करत बसायचं काम देशी सहाय्यकांकडे गेलं. पण हे प्रयोग तपासणाऱ्या सरकारी समितीने पाहिलेल्यांपैकी काही रुग्ण शस्त्रक्रियेदरम्यान तळमळतही होते. मग ईथर, क्लोरोफॉर्म ही भूल देणारी औषधं आली आणि एवढा वेळ कोण घालवणार?

आणि स्टेजवरच्या प्रयोगांवरून मत बनवू नका. तिथे चटकन प्रतिसाद देणारे प्रेक्षक आधीच हेरलेले असतात.