दहा मिनिटांबद्दल थोडं बोलू द्या

नमस्कार ताई,

लहान मुलांच्या आमच्या स्विमिंग क्लासला तुम्ही रिव्ह्यूत दिलेला एक स्टार बघून वाईट वाटलं, पण आधी माफी मागतो. तुमची मुलगी रडत असताना गेटवर कामाला असलेल्या आमच्या पोराने तुम्हाला "रडू दे, होईल गप्प" असं तोंडावर सांगितलं, ते चुकलंच. त्याला समज दिली आहे. चेंजिंग रूमला गरम पाणी नव्हतं हेही खरं.

पण "24 क्लासचे 4,800 रुपये आणि पोरगी पाण्यात जेमतेम दहा मिनिटं, म्हणजे मिनिटाला 20 रुपये, निव्वळ लूट" असं जे लिहिलंत, त्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. तुमचा गुणाकार-भागाकार बरोबर आहे. फक्त ती दहा मिनिटं मी पैसे वाचवायला ठरवलेली नाहीत.

तीन वर्षांचं पोर पाण्यात आपल्यापेक्षा कितीतरी लवकर गारठतं. सोलरवर आम्ही पाणी 31 अंशांच्या आसपास ठेवतो, तरी बाराव्या-तेराव्या मिनिटाला ओठ निळे दिसायला लागतात. दमलेलं पोर गटांगळ्या खातं, पाणी गिळतं, आणि शिकवलेलं विसरून फक्त भीती घेऊन घरी जातं. म्हणून रोज थोडं, आठवड्यातून पाच दिवस. तासाभराची मोठ्या मुलांची बॅच वेगळी, तिथे हातपाय मारायला शिकवतात. इथे आम्ही पोहणं शिकवतच नाही म्हणा ना. पाण्यात पडल्यावर उताणं व्हायचं, कान पाण्यात, हनुवटी वर, पोट वर, आणि श्वास घेत पडून राहायचं, एवढंच. सुरुवातीला डोक्याखाली माझा पूर्ण तळहात असतो. मग दोन बोटं, मग एक, मग काहीच नाही. त्या 'काहीच नाही'पर्यंत यायला एखाद्या मुलाला पंधरा दिवस लागतात, आणि काठावरून बघणाऱ्याला वाटतं की सर नुसतेच उभे आहेत.

दंडाला फुगे का लावत नाही, हेही विचारलंत. फुग्यांनी पोर पाण्यात उभं राहायला शिकतं, आणि फुगे नसताना उभं राहिलेलं पोर सरळ खाली जातं. मी स्वतः मळ्यातल्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलो, आजोबा वर दोर धरून बसायचे. डबा सोडला त्या दिवशी किती पाणी प्यालो ते मलाच माहीत.

आता "चार मिनिटांत बाहेर काढलं" याबद्दल. काल रात्री रजिस्टर काढून बसलो. (बायको म्हणाली, जाऊ दे. नाही गेलं.) तुमची वेळ 7:20. 14 तारखेला गेटवर 7:23, कपडे बदलून पाण्यात 7:26, बाहेर 7:30. म्हणजे चार मिनिटं बरोबर, पण बाहेर का काढलं ते लिहायचं तुमच्याकडून राहून गेलं. मुलीला उलटी झाली होती. दूध-केळं खाऊन आली होती. दोन तास आधी काही देऊ नका, हे फॉर्मवर मराठीत, ठळक अक्षरात आहे आणि खाली तुमची सही आहे. त्या दिवशी टाकी बंद ठेवून क्लोरीन पुन्हा तपासावं लागलं, मागची तीन मुलं परत पाठवली. त्यांचे क्लास मी नंतर भरून दिले. तुमच्याकडे एक शब्द काढला नाही, कारण लेकरांचं असं होतंच. 21 दिवसांपैकी नऊ दिवस उशीर झाला, तेही बोललो नव्हतो. आता बोललो, राग मानू नका.

रडण्याचं मात्र पहिल्याच दिवशी नीट सांगायला हवं होतं, ती माझी चूक. रडणारं मूल श्वास घेत असतं. बुडणारं मूल ओरडत नाही, आवाजच येत नाही. तासगावकडचे बागायतदार माझ्याकडे पोरं आणतात ते शेततळ्यांमुळे. तळ्यात अंथरलेल्या ओल्या प्लास्टिकच्या कागदावरून मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. आणि पोर पडतं ते अंगावरच्या कपड्यांसकटच, म्हणून शेवटच्या आठवड्यात फ्रॉक आणि चपलांसकट पाण्यात उतरवतो. तरीही 'आता तुमचं मूल बुडणार नाही' असं मी कुणालाच सांगत नाही. हाताच्या अंतरावर मोठं माणूस लागतंच.

तुमचा रिव्ह्यू आल्यापासून दोन घरांनी चौकशी करून नाव मागे घेतलं. छोटा धंदा आहे ताई, लाइट बिलसुद्धा वर्षभर सारखं येत नाही. असो. प्लंबरला सांगितलं आहे, गरम पाण्याचं होईल. पालकांना बसायला सावलीचंही बघतो.

तुमचे तीन क्लास बाकी आहेत, पैसे हवे असतील तर परत देतो. पण शुक्रवारी तुम्ही फोनवर बोलत होता तेव्हा ती माझ्या हाताशिवाय अकरा अंक मोजेपर्यंत तरंगली, ते तुम्ही पाहिलं नाहीत. पुन्हा करून दाखवेल. 7:10 ला या, दूध घरी गेल्यावर द्या. तिचा बदकाचा टॉवेल इथेच राहिला आहे, धुऊन ठेवला आहे.