दार लाव आधी!

हिवाळ्याच्या सुट्टीत घर पाहुण्यांनी भरावं, सगळ्यांनी एकाच खोलीत दाटीवाटीनं बसावं, पायांवर रजया ओढाव्यात आणि गप्पा मध्यरात्रीपर्यंत लांबाव्यात, या चित्रावर माझा आक्षेप नाही. तक्रार एवढीच, की या चित्रात बाथरूम कुणी काढत नाही. नऊ माणसं, एक बाथरूम आणि भिंतीवर टांगलेला १५ लिटरचा गिझर. माया, जिव्हाळा, आपुलकी सगळं या १५ लिटरांच्या आधारावर चाललेलं असतं आणि पहिली अंघोळ होईपर्यंतच टिकतं.

हिशेब मांडून बघा. नळाचं पाणी १५ अंशांवर आहे, गिझरचा थर्मोस्टॅट ६० वर लावलाय. १५ लिटर पाणी ४५ अंशांनी तापवायला २,००० वॅटच्या कॉइलला साधारण २४ मिनिटं लागतात. ६० अंशांचं पाणी अंगावर घेता येत नाही, म्हणून गार पाणी मिसळून ते ४० वर आणायचं. असे १५ लिटरांचे २७ होतात. कागदावर. प्रत्यक्षात वरून गरम पाणी निघतं तेव्हा खालून तितकंच गार पाणी टाकीत शिरत असतं, त्यामुळे शेवटचे दोन-तीन लिटर कोमटच येतात. २३-२४ धरा. म्हणजे एक मोठी बादली आणि वर चार तांबे. शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सोडतो, तिथे हाच साठा अडीच मिनिटांत संपतो. अडीच मिनिटांत शॉवरखाली गाणाऱ्यांचा नुसता गळा मोकळा होतो. पुढचा आरडाओरडा हा गाण्याचा भाग नसतो.

नऊ जणांना प्रत्येकी २४ मिनिटं धरली, तर सकाळी सहाला बटण दाबल्यावर नवव्या माणसाचं पाणी नऊ छत्तीसला तापतं. तेही आधीच्या आठांपैकी प्रत्येकानं वेळेत बाहेर यायचं कबूल केलं आणि ते पाळलं तर. म्हणून क्रम आदल्या रात्रीच ठरवावा. बादलीवाले आधी, शॉवरवाले शेवटी, आणि केस धुणाऱ्यांनी सकाळचा नाद सोडून दुपार गाठावी. वीज वाचवायची म्हणून कुणीतरी थोरलं माणूस हळूच थर्मोस्टॅट ४५ वर आणून ठेवतं, त्यांच्यावर नजर हवी. ४५ अंशांच्या १५ लिटरांचे मिसळून १८ च होतात, आणि मग रांगेतला प्रत्येकजण आधीच्या माणसावर संशय घेतो. टाकीतून खडखड येत असेल तर कॉइलवर क्षार साचलाय. असली कॉइल आतल्या आत जास्त तापते आणि लवकर जळते. सुट्टीच्या आधी मेकॅनिककडून साफ करून घ्यावी, कारण ती जळायला पाहुण्यांनी भरलेलाच दिवस निवडते.

पण गिझरचा खरा शत्रू अंघोळ करणारा नव्हे, बेसिनवर हात धुणारा. गिझरपासून बेसिनपर्यंत पाच मीटर पाइप असेल तर त्यात अर्धा-पाऊण लिटर गार पाणी उभं असतं. हा गृहस्थ गरम नळ सोडतो, पाइपातल्या त्या गार पाण्यानं हात धुतो, ‘गिझर चालू नाही वाटतं’ असं म्हणतो आणि नळ बंद करून जातो. तेवढ्यात टाकीतलं कढत पाणी पाइपात येऊन थांबलेलं असतं. तिथे ते निवांत गार होतं आणि पुढच्या हात धुणाऱ्याच्या वाट्याला येतं. तोही तेच म्हणतो. दिवसभरात वीस जणांनी हात धुतले तर एका अंघोळीचं गरम पाणी भिंतीत गार होतं, आणि एकालाही ते लागलेलं नसतं. हात धुवायला गार नळ वापरा, निष्पत्ती तीच आहे.

आता घर तापवण्याचं. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो, झोपलेला ७०-८०. म्हणजे नऊ जणांचं कुटुंब हा ९०० वॅटचा हीटर झाला. न आवाज, न प्लग. मुलं नाचायला लागली किंवा मोठ्यांमध्ये जुन्या वाटण्यांचा विषय निघाला तर वर आणखी थोडे वॅट मिळतात. अडचण अशी, की हा हीटर एका जागी बसत नाही. कुणाला चार्जर हवा असतो, कुणाला चष्मा, कुणाला बाहेर खरंच थंडी आहे का ते बघायचं असतं. उघड्या दारातून वरच्या बाजूनं गरम हवा बाहेर जाते आणि खालून गार हवा आत येते, म्हणून वार्ता पहिल्यांदा पायांना कळते. मग आतून एकसुरात हाक जाते, “दार लाव आधी!” हाक मारणारा स्वतः पाच मिनिटांनी दार उघडं टाकून जातो, पण तेव्हा तो कामाला गेलेला असतो.

दार लावलं तरी खाली फट असते. ९० सेंटिमीटर रुंद दाराखाली एक सेंटिमीटर फट म्हणजे ९० चौरस सेंटिमीटर. हेच भोक भिंतीत असतं तर तळहाताएवढं दिसलं असतं आणि दुसऱ्या दिवशी गवंडी आला असता. दाराखाली मात्र ते वर्षानुवर्षं सुखानं नांदतं. जुनी चादर गुंडाळून लावायचा उपाय सगळ्यांना माहीत आहे आणि तो पहिल्यांदा दार उघडेपर्यंत चालतो. त्याऐवजी जुन्या कपड्यांच्या चिंध्या भरून दोन लांब नळ्या शिवायच्या, त्या एका कापडाच्या पट्टीनं जोडायच्या आणि पट्टी दाराखालून घालायची. एक नळी आत, एक बाहेर. दाराबरोबर दोन्ही सरकतात. लांबी दाराच्या रुंदीपेक्षा सेंटिमीटरभर कमीच ठेवा, नाहीतर टोक चौकटीत अडकतं आणि एखादे काका जोर लावून ते सोडवतात.

खिडक्यांसाठी अगरबत्ती. पंखे बंद करून पेटती अगरबत्ती खिडकीच्या कडेनं हळूहळू फिरवायची, पडदा बाजूला बांधून. धूर जिथे आडवा पळेल तिथे फट. चिकट पाठीची स्पंजची पट्टी तिथे लावायची, पण आधी चौकट पुसून कोरडी करायची. धुळीवर लावलेली पट्टी तिसऱ्या दिवशी सुटते आणि पडद्याला चिकटते.

विकतच्या हीटरबद्दल प्रत्येक घरात एक तज्ज्ञ असतो. ऑइलचा हीटर कमी वीज खातो, हे त्याचं आवडतं वाक्य. २,००० वॅटचा हीटर तेलाचा असो, पंख्याचा असो की लाल कांडीचा, पूर्ण जोरावर तासाला दोनच युनिट घेतो आणि तेवढीच उष्णता देतो. फरक वागण्यात आहे. पंख्याचा लगेच तापवतो आणि आवाज करतो. तेलाचा तापायला वेळ घेतो, पण शांत असतो आणि बंद केल्यावरही काही काळ ऊब देतो. लाल कांडीचा समोर बसलेल्याला भाजतो आणि मागच्यांना नुसता दिसतो. तिन्ही हीटर थेट १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये लावावेत. २३० व्होल्टवर २,००० वॅटना पावणेनऊ अँपिअर लागतात. मोबाइल चार्जिंगच्या सहा अँपिअरच्या एक्स्टेंशन बोर्डावर हीटर लावला तर खोलीत ऊब येण्याआधी प्लास्टिकचा वास येतो. अंथरूण आणि पडदे मीटरभर लांब ठेवावेत. हीटरवर मोजे वाळत घालणारा नातलग शोधावा लागत नाही, तो आलेलाच असतो. त्याला दोरी दाखवावी.

आणि ते थर्मोस्टॅटचं बटण! खोली २० अंशांवर हवी असेल तर बटण ३० वर फिरवल्यानं ती लवकर तापत नाही. कॉइल त्याच जोरानं चालते, फक्त २० आल्यावर थांबत नाही. मग पाऊण तासानं सगळ्यांना उकडतं, खिडकी उघडली जाते आणि दुसऱ्या गटाचं राज्य येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या घरांविषयीच्या मार्गदर्शनात किमान १८ अंशांची शिफारस आहे, म्हातारी माणसं आणि तान्ही बाळं असतील तर थोडं जास्त. हा आकडा दोन्ही गटांना सारखाच नापसंत असल्यामुळे तडजोडीला उत्तम.

रात्री खाटा घरच्यांच्या की पाहुण्यांच्या, हा प्रश्न सौजन्यानं सुटतो. जमिनीवर कोण झोपणार, हा वयानं. आणि जमिनीवरचा माणूस अंगावर तीन पांघरुणं घेऊनही कुडकुडतो, कारण थंडी खालून येत असते. गादी अंगाच्या भारानं दबते, तिच्यातली हवा निघून जाते. ऊब धरून ठेवणारी तर ती हवाच. मग फरशी थेट पाठीतून उष्णता ओढत बसते. तीन पांघरुणं असतील तर एक खाली अंथरा, दोन वर घ्या. वर एक जाड असण्यापेक्षा दोन पातळ बरी, मध्ये हवेचा एक थर फुकट मिळतो. दोन मोठ्यांना एक रजई देऊ नये. दोघांच्या मध्ये जो बोगदा तयार होतो त्यातून पहाटेपर्यंत वारा खेळतो आणि सकाळी दोघं एकमेकांशी मोजकं बोलतात. लहान मुलांसाठी मात्र २२० बाय १५० सेंटिमीटरची रजई आडवी टाकावी. सव्वा मीटरपर्यंत उंचीची तीन-चार मुलं ओळीनं मावतात. कडेच्या दोघांत ओढाओढ होते, मधली शहाणी झोपून जातात.

कानटोपीबद्दल दोन शब्द. निम्मी थंडी डोक्यातून शिरते, असं सांगून ती प्रत्येकाच्या डोक्यावर चढवली जाते. डोकं म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा दहावा हिस्सा, उष्णता जाते तीही साधारण त्याच प्रमाणात. पण बाकीचं अंग रजईत असताना उघडं तेवढंच उरतं, त्यामुळे आजी चुकीच्या कारणानं बरोबर असते. वाद घालू नये, टोपी घालावी. रबरी गरम पिशवीत उकळतं पाणी भरू नये. दोन-तृतीयांश भरायची, उभी धरून हळूच दाबून वरची हवा काढायची, मग बूच. हवा राहिली तर पिशवी फुगते आणि कुणी तिच्यावर वळलं की तिचा सांधा आधी हार मानतो.

पाच माणसं झोपलेल्या खोलीत सकाळी खिडक्यांच्या काचा रडत असतात. झोपलेला माणूस श्वास आणि त्वचेवाटे तासाला साधारण ४० ग्रॅम पाण्याची वाफ सोडतो. पाच जणांची आठ तासांत दीड लिटरच्या वर जाते. बारा चौरस मीटरच्या, तीन मीटर उंच खोलीतली हवा १८ अंशांना जेमतेम अर्धा लिटर धरू शकते, उरलेली वाफ सगळ्यात गार जागा शोधते. म्हणजे काच, कोपरे आणि भिंतीला टेकवलेल्या कपाटाची पाठ. काळी बुरशी तिथेच येते. सकाळी समोरासमोरच्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडा. ऊब भिंतींत आणि सामानात साठलेली असते, हवेत अगदी थोडी. ती लगेच भरून निघते. ‘मेलो, मेलो’ असा आवाज येईल, तिकडे लक्ष देऊ नका.

रात्रीही एक फट उघडी हवीच, आणि इथे थट्टा नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपू नये, हवेची सोय नसलेल्या बाथरूममध्ये गॅसचा गिझर लावू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, खोकलाही येत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही.

पाहुणे गेले की रजया परत माळ्यावर. त्याआधी तीन-चार तास उन्हात, मध्ये एकदा उलटून, आणि घरात आणून पूर्ण गार झाल्यावरच घडी, नाहीतर आतली गरम वाफ पिशवीत पाणी होऊन बसते. लोकरीचे कपडे धुऊनच ठेवावेत. कसरीच्या अळ्या लोकर खातात, आणि घामाचे, खाण्याचे डाग असले तर जास्त आवडीनं. डांबराच्या गोळ्या घातल्या असतील तर पुढच्या वर्षी पाहुणे येण्याच्या दोन दिवस आधी सगळं वाऱ्यावर टांगा, तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर त्या घालूच नका. खोक्यावर आत काय आहे ते ठळक लिहा. ‘सामान’ असं लिहू नका. माळ्यावर त्या नावाची चार खोकी आधीच असतात.